सोलापूरचे टॉवेल

नव्या टॉवेलची घडी मोडली की खळीचा वास येतो आणि मला इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या ऑफिसातली ती मीटिंग रूम आठवते, जिची खिडकी उघडतच नसे. आमच्या दुकानांना टॉवेल पुरवणारे सोलापूरचे कारखानदार स्क्रीनवर होते, त्यांच्यामागे मागांची खडखड चालू होती. मॅनेजर मला म्हणाली, "भाव उतरवायला सांग. तुझ्या भाषेत सांग." मी सांगितलं. ते म्हणाले, "उतरवतो, ताई. ऑर्डर गेली तर माग बंद पडतील. पण मग सूत कमी घालावं लागेल, आणि शिलाईच्या बायकांची मजुरीही कापावी लागेल. तुम्ही आपल्यातल्या, एवढं त्यांना नीट समजावा." मी सगळं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. "लव्हली, म्हणजे हो म्हणाले," असं म्हणत मॅनेजर कॉफी आणायला गेली. स्क्रीनवरून त्यांनी हळूच विचारलं, "पटलं का हो त्यांना?" माझा व्हिसा त्याच नोकरीवर होता. मी नुसतीच मान हलवली, आणि ती कशी हलली ते मलाही कळलं नाही. नोकरी अजून तीच आहे. टॉवेलही त्याच सोलापूरच्या कारखान्यातला, स्टाफ डिस्काउंटमध्ये घेतलेला. कितीही पुसलं तरी पाठ ओलीच राहते.