बाबांचा स्मोकर, माझा व्हिसा

दोष बाबांचा. उरलेला जोगकाकांचा. दोघंही अबुधाबीतल्या रुवैसच्या रिफायनरीत भट्ट्यांचं तापमान सांभाळायचे आणि आमच्या अंगणातल्या लोखंडी पिंपापुढे हरायचे. दर शुक्रवारी नवा किस्सा. इतके साठले की आई भारतात फोन लावून आधी तेच सांगायची.

पिंप म्हणजे स्मोकर, अमेरिकन शेजारी जाताना देऊन गेलेला. बाजूच्या पेटीत लाकडं जाळायची, धूर मांसावरून फिरून धुराड्यातून बाहेर.

मी पुण्यातलं इंजिनिअरिंग अर्धवट सोडून आलेलो. कॉलेज नाही, म्हणजे बाबांच्या व्हिसावर राहणं बंद. नोकरी मिळाली तरच मुक्काम.

*

जुलै. जोगकाकांनी तापमानाचा काटा एकशेदहावर आणून दुपारपर्यंत तिथेच धरला. "याला म्हणतात कंट्रोल!"

कोंबडी कापली. आत रक्त.

"काका, डायल फॅरनहाइटची आहे. म्हणजे त्रेचाळीस सेल्सिअस. एवढं तर इथे आग न पेटवताही होतं."

"कॉलेज सोडलेल्यांनी युनिट शिकवू नयेत!"

*

आईच्या वाळत घातलेल्या साड्यांवर धूर नको म्हणून बाबांनी पेटीचं तोंड वाऱ्याकडे केलं. शमाल, इथला वाळवंटी वारा, थेट आत. काटा चारशेपार! घाबरून त्यांनी धुराडंच बंद केलं. धूर कोंडला, मटण कडूजहर.

"बाबा, चाकं आहेत त्याला. फिरवा ना."

"तू आधी स्वतःचं आयुष्य फिरव!"

*

झाकण तर दोघं सारखं उघडायचे. "बघू दे रे जरा." की तापमान खाली, की अजून एक लाकूड, की पुन्हा वर.

आई म्हणाली, "मी इडलीचं झाकण उघडलं की ओरडता ना?"

जोगकाका म्हणाले, "वहिनी, हे टेक्निकल आहे."

*

मग बाबांचा टेक्सासचा साहेब जेवायला यायचा होता. त्याच्याकडे ट्रेनी ऑपरेटरची जागा होती. "मुलाला बघतो," म्हणालेला.

सकाळी मीच स्मोकर फिरवला, धुराडं पूर्ण उघडलं, आत मटणाची रान, म्हणजे अख्खी मांडी, ठेवली. काटा अडीचशेवर, हललाच नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझं काहीतरी धड चाललेलं.

मी आंघोळीला गेलो. परत आलो तर धुराडं बंद, पेटीत नवी लाकडं.

"साहेब येतोय, रिस्क नको," जोगकाका म्हणाले. "यल्ला, चल, तू शर्ट बदल."

रान बाहेरून काळी, हाडापाशी कच्ची. साहेबाने एक घास खाल्ला, काटा खाली ठेवला.

"आग कोण सांभाळत होतं?"

जोगकाका सॅलड वाढू लागले. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"माय सन, सर."

जागा दुसऱ्याला गेली. माझा व्हिसा रद्द झाला. मी पुण्याला परतलो.