आधी मी चढतो

माझ्या मामांना खुर्चीत निवांत बसलेलं पाहणं हा आमच्या घरात दुर्मीळ योग. जेवता जेवता मध्येच उठून नळ का गळतोय ते बघतील. कुणाकडे गेले तर चहा येईपर्यंत त्यांच्या दाराची बिजागरी घट्ट करून मोकळे. पायाला भिंगरी लागलीय म्हणतात ना, ती यांच्या पायाला जन्मापासूनच लागलेली असावी. आम्ही सगळी भाचरं त्यांना पाठीमागे भिंगरीमामाच म्हणतो. समोर म्हणायची माझी छाती नाही.

आयुष्यभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. दुरुस्ती झाली की खाली घोळका जमायचा, हातात पिशव्या, कडेवर पोरं, चेहऱ्यावर वैताग. पण मामा कुणालाही आत पाऊल ठेवू द्यायचे नाहीत. ‘आधी मी चढतो,’ एवढं म्हणून दार लावायचे आणि एकटे वरपर्यंत जाऊन यायचे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. माझी मामेबहीण, म्हणजे ताई, लहानपणी त्यांच्याबरोबर कामावर जायची आणि मलाही वर न्या म्हणून गळा काढायची. तिलाही खालीच उभं करायचे. सगळं मनासारखं झालं की म्हणायचे, “चालतंय.” हीच त्यांची शाबासकी. ताई परीक्षेत पहिली आली तेव्हा ‘चालतंय’, मामींनी नवा पदार्थ केला की ‘चालतंय’. याच्या वर त्यांच्याकडे शब्दच नव्हता.

ताईने ऑफिसातली चांगली नोकरी सोडून द्राक्षांचा मळा भाड्याने घेतला आणि वाइन करायला लागली, तेव्हा मात्र ‘चालतंय’सुद्धा म्हणाले नाहीत. मूग गिळून बसले. माझी आई म्हणजे मामांची बहीण, तिच्या तोंडाला कुलूप कधीच नसतं. “शिकली सवरली आणि आता पायाने द्राक्षं तुडवते,” असं ती येईल त्याला सांगत सुटली. पायाने तुडवत नाहीत, मशीन असतं, हे मी तिला इतक्यांदा सांगितलं की शेवटी हात टेकले.

पहिल्या वर्षी वाइन थोडीच झाली. एका हॉटेलने सगळी उचलली. ताईने एकच बाटली मागे ठेवली, तिच्यावर स्वतःच्या हाताने चित्र काढून कागद चिकटवला आणि वडिलांना नेऊन दिली. मामा म्हणाले, “बघू.” आणि बाटली कपाटात गेली. वर्ष उलटलं तरी ते बघणं काही झालं नाही.

मामींच्या साठीला सगळ्यांनी मिळून बोटीवर जायचं ठरलं. मी प्रवासाच्या कंपनीत काम करते, त्यामुळे तिकिटांपासून नियमांपर्यंत सगळं माझ्या गळ्यात. सगळ्यांना नियम वाचून दाखवत होते: बोटीवर चढताना प्रत्येक मोठ्या माणसाला वाइनची एक बाटली जवळच्या पिशवीतून नेता येते, ती जेवणघरात न्यायची तर बूच उघडण्याचा आकार पडतो, आणि बाटली सीलबंद हवी. एरवी माझं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडणारे मामा एकदम थांबले.

“म्हणजे आपली बाटली आपल्या टेबलावर नेता येते?”

“येते की. का?”

“मामीच्या वाढदिवसाच्या जेवणाला ताईची बाटली उघडू,” ते म्हणाले आणि लगेच पंखा पुसायला स्टुलावर चढले.

ताईला हे कळलं तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. तिने मला बाजूला घेतलं. मळ्याच्या मालकाला प्रवासाहून आल्या आल्या उत्तर द्यायचं होतं, मळा पुढे ठेवायचा की सोडायचा. जुन्या ऑफिसने परत बोलावलं होतं आणि तिचं मन निम्म्याहून जास्त तिकडे झुकलं होतं.

“एवढं सगळं केलं, पण बाबांनी एक थेंबसुद्धा चाखला नाही गं,” ती म्हणाली. “चांगली म्हणू देत, वाईट म्हणू देत. त्यांनी चाखून काहीतरी म्हणावं. मग मी ठरवीन.”

म्हणजे एका माणसाच्या एका घोटावर सगळा मळा टांगलेला, आणि तो माणूस असा, की ज्याला साधं कौतुक करता येत नाही. माझाच जीव टांगणीला लागला.

बोटीवर चढताना तपासणीत बाटली सुटली, पण मामांच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. त्यांचा चेहरा असा पडला, जणू बोटीवर आता काहीच धड चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामी लगबगीने माझ्या खोलीत आल्या. “अगं, चल जरा. हे बसलेत.”

“बसलेत म्हणजे?”

“खिडकीपाशी. नुसते बसलेत! मी दोनदा हाक मारली तर म्हणाले, येतो. उठले मात्र नाहीत. डॉक्टरला बोलावू का?”

मी जाऊन पाहिलं. खरंच मामा खिडकीजवळच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते आणि पाण्याकडे बघत होते. बोट लागली असणार, असं मी ठरवून टाकलं. मळमळीची गोळी दिली. त्यांनी मुकाट्याने घेतली. मामा मुकाट्याने गोळी घेतात म्हटल्यावर मामींनी डॉक्टरचा नंबरच शोधायला घेतला.

पण तिसऱ्या दिवसापासून पुन्हा भिंगरी सुरू. सकाळी वरच्या डेकवर, तिथून खाली, तिथून बोटीच्या लिफ्टपाशी उभं राहून तिचा आवाज ऐकत राहायचं. एका बुटाची नाडी गायब झाली होती आणि तो बूट फटक फटक वाजवत ते सगळीकडे हिंडत होते. नाडी कुठे गेली विचारलं तर म्हणाले, “कामाला लागली.” रोज दुपारी आम्ही सगळे वर असताना ते खोलीत जायचे आणि येताना आदल्या दिवसापेक्षा जास्त अस्वस्थ होऊन यायचे. ताई लांबून बघत राहायची. तिच्याशी ते हवामानाबद्दलही बोलेनात.

मामींच्या वाढदिवसाच्या दुपारी त्यांनी मला जिन्यात गाठलं. “चल. जरा काम आहे.”

खोलीत गेल्यावर त्यांनी दार लावलं आणि खिडकीच्या पडद्यामागून बाटली काढली. बुचावरचा सीलचा कागद फाडलेला होता. बूच अर्धवट आत, त्याच्या मधोमध भोक. बाटलीतली वाइन खांद्याच्या बरीच खाली उतरली होती.

“मामा!”

“हळू बोल. मामी ऐकेल.”

मग सगळं बाहेर आलं. कपाटाच्या फळीचा लांब स्क्रू नाण्याने काढून त्यांनी तो बुचात पिळला होता, त्याला बुटाची नाडी बांधली होती आणि बाटली पायात धरून बूच ओढून काढलं होतं. दुसऱ्याच दिवशी.

“पण का?”

“सगळ्यांसमोर उघडली आणि खराब निघाली असती तर? तुझी आई टेबलावर. तिने पोरीचं काय केलं असतं?”

“मग चांगली निघाली ना? बास! झाकण लावून ठेवायची होती.”

“एकदा चालली म्हणून रोज चालेल असं असतं का?” मामा चिडले. “रोज बघायला नको?”

रोज बघितली. रोज एक घोट. आणि बाटली ठेवली पडद्यामागे, उन्हाच्या खिडकीत, कारण कपाटाची फळी स्क्रूवाचून लटकत होती. त्यांनी थोडी ग्लासात ओतून माझ्यापुढे धरली. मी चाखली. आंबट, उतरलेली, घशाला ओरखडे काढणारी.

“गेली ना?” त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं.

मी त्यांच्यावर भयंकर भडकले. लिफ्टला हवा लागून काही होत नाही, वाइनला होतं, हे या माणसाला कोण सांगणार? आणि त्याच वेळी खोलीत येरझारा घालणारे ते, एक बूट फटफटणारा, पाहून मला रडूही येत होतं. शेवटी मीच म्हटलं, “बोटीवर तशाच रंगाची वाइन मिळते. यात भरू. कुणाला कळणार आहे?”

ते थांबले. “दुसऱ्याची लिफ्ट चालवून दाखवायची आणि ही पास म्हणायची?”

“मग काय करणार?”

“बघू,” ते म्हणाले. हा शब्द ऐकून मला बाटलीच फेकून द्यावीशी वाटली.

संध्याकाळी जेवणघरात सगळे नटून आले. मामी मध्ये, मी आणि आई एका बाजूला, ताई मामांच्या समोर. मामांनी बाटली रुमालात गुंडाळून आणली होती. ताईची नजर त्या रुमालावरून हलेना. मामा खुर्चीत टेकायचे, उठायचे, टेबल डुगडुगतंय का बघायला वाकायचे.

वेटर आला, रुमाल बाजूला केला आणि बुचाकडे बघून अवघडला. “साहेब, ही आधीच उघडलेली आहे. बाहेरून आणलेली उघडी बाटली आम्हाला वाढता येत नाही.”

ताईने बाटली हातात घेतली. फाटलेला कागद पाहिला, भोक पाहिलं. “कुणी उघडली?”

“एवढाही धीर धरवला नाही वाटतं कुणाला,” आई म्हणाली.

मामा उभे राहिले. “मी उघडली. बोटीवर आल्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“एवढाही विश्वास नव्हता, बाबा?” ताईने विचारलं.

“विश्वासाचं नाही गं.” त्यांनी काटा उचलला, परत ठेवला. “सगळ्यांदेखत काही बिघडलं असतं तर तू मध्येच अडकली असतीस. म्हणून आधी मी...”

ताईने बूच काढलं, वास घेतला. तिचे डोळे मिटले.

“ती माझ्या हाताने गेली,” मामा घाईने म्हणाले. “मी रोज उघडली, उन्हात ठेवली. तुझं काही चुकलेलं नाही. सगळ्यांनी ऐका, तिचं काही चुकलेलं नाही.”

“आत्ताची नाही विचारत मी,” ताई म्हणाली. “तेव्हा कशी होती?”

मी मनातल्या मनात म्हटलं, आता नका ‘चालतंय’ म्हणू. देवाशपथ, आज नका म्हणू.

मामांनी टेबल हलवून पाहिलं. मग म्हणाले, “एक घोट घेतला आणि बसलो.”

मामींचा हात तोंडाशी गेला. “अगबाई! त्या दिवशी? खिडकीपाशी? ते ह्याच्यामुळे?”

“आणि मी गोळी दिली मळमळीची,” मी म्हटलं.

“गोळी नको होती,” मामा म्हणाले. “पण नको म्हणत बसलो असतो तर चव गेली असती, म्हणून पटकन गिळली.”

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. “किती वेळ बसलात?”

“काय माहीत. उठावंसंच वाटलं नाही.”

साठीच्या आसपासचा हा माणूस सख्ख्या बहिणीच्या लग्नातही बसला नव्हता. हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. माझ्या आईलाही. तिने पहिल्यांदाच काही न बोलता पाण्याचा ग्लास उचलला.

ताईने डोळे पुसले, बूच परत लावलं आणि बाटली स्वतःच्या शेजारी ठेवली. “या वर्षीची अजून पिंपात आहे. भरायला काढली की मळ्यावर या. आधी तुम्ही चढा, मी खाली उभी राहते.”

“म्हणजे मळा ठेवणार?” मी विचारलं.

“मग काय सोडणार?” ती माझ्यावरच खेकसली.

मामांनी खिसा चाचपला, त्यातून तो लांब स्क्रू निघाला. “उद्या सकाळी उतरायचं आहे. फळी लावून टाकतो,” असं पुटपुटत ते निघालेसुद्धा, बूट फटफटवत.

“अहो, केक येतोय!” मामी ओरडल्या.

केक आला. मेणबत्त्या पेटल्या होत्या आणि मामांची खुर्ची रिकामी होती. आईने सुरी मामींच्या हातात दिली.

“थांब आत्या,” ताई म्हणाली. “बाबांना येऊ दे.”