अळीचं शेपूट

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, ग्लासांवरच्या जाहिराती पुसणारा मेहकरातला एकमेव घरगुती कारखाना कायमचा बंद झाला आहे. कारखान्याच्या मालकीणबाई म्हणजे माझी कुसुममावशी. महिन्यापूर्वी सकाळी तिच्या मुलीचा, रेखाचा फोन आला. "दादा, आई गेली..." एवढंच. माझ्या हातात पाण्याचा ग्लास होता, मावशीनंच पुसून दिलेला.

मावसाजींचं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. दर हंगामात कंपन्या काचेचे ग्लास भेट द्यायच्या, प्रत्येकावर आपला छापा मारून. घरात दुसरे ग्लासच नव्हते. रेखाला पाहायला सुलतानपूरहून मंडळी आली, तेव्हा मुलाच्या वडिलांनी ग्लास ओठाला लावायला उचलला, तर समोर उताणी पडलेली बोंडअळी आणि खाली लाल अक्षरं, 'एकाच फवारणीत खल्लास!' गृहस्थांनी ग्लास फार जपून खाली ठेवला. मावशीनं घाईघाईनं सरबत आणलं... तेही त्याच ग्लासांत!

लग्न जमलं, पण मंडळी गेल्यावर मावशी ओट्याशी बसून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "पानी आपल्या घरचं हाय. त्याच्यावर दुसऱ्याचं नाव काऊन?"

त्या दिवशी कारखाना सुरू झाला. ग्लास कोमट व्हिनेगरमध्ये बुडवायचे, मग नेलपेंटच्या रिमूव्हरात कापसाचा बोळा भिजवून मावशी घासायची. उरलेले कण नखानं खरडून काढायचं खातं मावसाजींकडे. ते ग्लास खिडकीच्या उजेडात धरायचे.

"अवो, अळीचं शेपूट राह्यलं."

"मंग काढा ना! माह्या तोंडाकडं काय पाहून राह्यले?"

हळूहळू शेजारणीही आपापले ग्लास आणून देऊ लागल्या. एकदा मी म्हणालो, "मावशी, बाजारातून कोरेच ग्लास कायले नाही आणत?"

ती हळूच हसली. "आणले, तर तुहे मावसाजी माह्याजवळ कायले बसतीन?"

ती गेल्यापासून मावसाजी बोलेनात. रडलेही नाहीत. ताट पुढं ठेवलं तर जेवायचे, नाहीतर भिंतीकडे पाहत बसायचे. "बाबा, एक शबूद तरी बोला," रेखा रोज विनवायची. तेराव्याला आमच्याकडे, गेलेल्या माणसाचं नाव घातलेलं भांडं वाटतात. ते काम माझ्यावर होतं. आणि मी शहाण्यानं, मावशीला काच आवडायची म्हणून, स्टीलऐवजी काचेचे ग्लास छापून आणले. निळ्या अक्षरांत, 'कै. सौ. कुसुम यांच्या स्मरणार्थ'. खोकं उघडताच रेखानं माझ्याकडे असं पाहिलं, की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तोवर कुणीतरी त्यातलाच एक ग्लास भरून मावसाजींना दिला होता. त्यांनी तो खिडकीकडे धरला. बराच वेळ पाहिलं. मग अंगठ्याचं नख चालू लागलं... खर्र, खर्र... घरभर माणसं जमलेली. उभ्या संसारात त्यांनी चारचौघांत बायकोला नावानं हाक मारली नव्हती. 'अवो' म्हटलं की ती यायची.

नख थांबलं. मावसाजींनी स्वयंपाकघराकडे मान वळवली आणि मोठ्यानं हाक मारली,

"कुसुम, रिमूव्हर आण वं... हे नुसतं नखानं निघत नाही!"