खोडव्याचा गूळ

माझ्या लग्नाच्या आठ-दहा वर्षं आधीच सासऱ्यांनी गुऱ्हाळ बंद केलं होतं. साखर कारखाना झाला, ऊसतोडीची टोळी यायला लागली, उभा ऊस भरून न्यायला लागली आणि अप्पा, म्हणजे माझे सासरे, सुटले. गूळ करणं म्हणजे दोन-तीन महिने धगीपुढं जीव शिजवणं. ते संपलं याचं त्यांना दुःख वगैरे काही नव्हतं. मी नवी नवरी म्हणून शेत बघायला गेले तेव्हा ओढ्याकाठी पत्र्याची शेड होती, तिच्यात रस आटवायची भलीमोठी काहील पालथी पडली होती आणि चुलाणात मांजर व्यायलेलं होतं.

माझं माहेर कोल्हापूर शहरातलं. नवऱ्याची नोकरीही तिथंच, एका फौंड्रीत. दोन खोल्यांत आमचं छान चाललं होतं आणि नेसरीजवळचं सासर ही सणाला जायची जागा होती. लग्नाला चार वर्षं झाली, नव्वदचं दशक सरत आलं, आणि एक दिवस नवरा राजीनामा देऊन घरी आला. मला सांगितलं ते देऊन आल्यावर. त्याला म्हणे गूळ करायचा होता. लहानपणी गुऱ्हाळावर खाल्लेल्या गुळाची चव तोंडातून जात नाही, म्हणाला. मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी मुकाट्यानं भांडी पोत्यात भरायला घेतली.

अप्पा माझ्याहून जास्त चिडले. सासरी घरात कानडी आणि दारात मराठी अशी रीत. अप्पा माया करायचे कानडीत आणि रागवायचे मात्र मराठीत, म्हणजे गल्लीला नीट कळावं. शिकलेला मुलगा चिपाडं जाळायला परत आलाय हे त्या दिवशी अख्ख्या गल्लीला कळलं. शेवटी त्यांनी अट घातली. दोन हंगाम बघायचे. तेवढ्यात बाजारात न्यायच्या लायकीचा गूळ झाला नाही तर काहील भंगारात आणि आम्ही दोघं कोल्हापुरात. एवढ्यावर थांबले नाहीत, तर एसटीनं कोल्हापूरला जाऊन फौंड्रीच्या मालकाला भेटले आणि मुलाला परत कामावर घ्यायचा शब्द घेऊन आले.

दोन हंगाम काय, डोळे मिटून काढीन, असं मी मनाशी म्हटलं.

पहिल्या हंगामाला गुळव्या म्हणून आमच्याच गुऱ्हाळावरचा जुना माणूस आला. रस कधी आटला, काहील कधी उतरवायची, हे जो ठरवतो तो गुळव्या. म्हाताऱ्याला सगळे मामा म्हणायचे. डोळ्यांना कमी दिसायचं, पण उकळीच्या आवाजावरून मामा सांगायचे की आता जाळ कमी करा. अप्पा रुसून घरी बसलेले. रस निघाला तो मी सगळ्यांना कोल्हापूरच्या रसवंतीसारखा लिंबू पिळून, मीठ घालून दिला. तेवढंच माझं कौतुक झालं.

गूळ मात्र धरला नाही. काहिलीतून गार करायच्या वाफ्यात ओतला, हलवला, बादल्यांत भरला, दुसऱ्या दिवशी बादल्या पालथ्या केल्या तर ढेप उभी राहायच्या ऐवजी खाली बसली. काळपट, चिकट, चिखलासारखी. पुन्हा केला, पुन्हा तेच. नवरा चुलाणाला दोष देऊ लागला, मग वाऱ्याला, मग काहिलीच्या बुडाला. नाचता येईना अंगण वाकडं. तो त्या बादल्यांकडं बघत उकिडवा बसला होता आणि मी त्याच्या मागं उभी होते. मला त्याची दया येत होती, आणि खरं सांगायचं तर आतून हायसं वाटत होतं. कारण तो हंगामभर मी देव पाण्यात घालून बसले होते. गूळ होऊ नये म्हणून.

मामांनी मग नुसता रस मागितला, बिनमिठाचा. एक घोट तोंडात फिरवला आणि थुंकला.

"सूनबाईनं मीठ घातलं म्हणून मला बी कळलं न्हाय," ते म्हणाले. "ह्यो ऊसच खारट हाय. जमीन युरिया पिऊन सुजलीया. सुजलेलं माणूस वजनाला भरतंय, पर त्यात ताकद नसती."

कारखान्यात ऊस वजनावर जातो. त्यामुळं बारा-तेरा वर्षं आम्ही पोत्यानं युरिया टाकला, पाटानं पाणी सोडलं, ऊस मनगटाएवढा झाला आणि आम्ही फुशारलो. तो गोड आहे का हे कुणी विचारलंच नव्हतं. गुळानं विचारलं. मामांनी उपाय सांगितला तो सोपा होता आणि फार कठीण होता. ओढ्याकाठच्या एकरात खोडवा ठेवायचा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून फुटेल तो ऊस वाढवायचा, त्याला फक्त शेणखत द्यायचं, पाणी बेतानं द्यायचं आणि तोडणीआधी महिनाभर पाणी तोडायचं.

ते वर्ष लांबलचक गेलं. शेणखताच्या पाट्या मीही वाहिल्या, कारण घरात बसून अप्पांचं मराठी ऐकण्यापेक्षा ते बरं होतं. खोडवा वाढला तो बोटाएवढा आणि पिवळट. बांधावरनं जाणारा येणारा थांबायचा. "पावणं, ही ज्वारी म्हणायची का ऊस?" असं एकानं विचारलं तेव्हा नवरा हसला, पण घरी येऊन जेवला नाही. त्याचा चेहरा उतरत चालला. लहानपणीच्या त्या चवीबद्दल आता तो अवाक्षर काढत नव्हता.

श्रावण संपता संपता एका दुपारी मी गोठ्याकडं गेले तर तो बैलगाडीत युरियाची दोन पोती टाकत होता. एकदाच टाकतो, म्हणाला, थोडा हिरवा तरी होईल. मी गाडीत चढले आणि पोत्यांवर बसले. उतर म्हणाला, उतरले नाही. तोपर्यंत गूळ व्हावा असं मला वाटत होतं अशातला भाग नाही. पण हरायचंच असेल तर नीट हरावं. तेवढा युरिया टाकला नसता तर झालं असतं, हे पुढची चाळीस वर्षं कोल्हापूरच्या दोन खोल्यांत मला ऐकायचं नव्हतं. मी तासभर बसले. साडीला त्या पोत्यांचा वास लागला. शेवटी त्यानं बैल सोडले आणि माझ्याशेजारी येऊन बसला. तो रडला तेव्हा मला कळलं की मी आता कोल्हापूरला जाण्यासाठी दिवस मोजत नाहीये. त्या दिवसानंतर मला गूळ हवा होता, त्याच्याइतकाच.

दुसऱ्या हंगामात काहील चुलाणावर चढली तेव्हा अप्पा आले. खांबाला टेकून उभे राहिले. ऊस कमी, रस कमी, एकच आदण, एका काहिलीपुरतं, निघणार होतं. म्हणजे एकदाच काय ते. मी रस चाखला. त्यात मीठ नव्हतं, लिंबू नव्हतं, आणि तो इतका गोड होता की मी कुणालाच काही सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून. रस निवळायला रानभेंडीचं पाणी सोडलं, वर आलेली मळी काढली, उकळी पिवळी होत गेली. मामांनी हात गार पाण्यात बुडवून उकळत्या पाकाचा थेंब उचलला, पाण्यात त्याची गोळी केली आणि काहिलीच्या काठावर मारली. टण्ण वाजली. "उतरा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा बादलीला हात लावेना, म्हणून ती मी पालथी केली. बादलीत आतून लावलेलं कापड सोलून काढलं. ढेप उभी राहिली. पिवळीधमक नव्हे, तांबूस, बाजारात कदाचित कुणी नाक मुरडलं असतं, पण कोपरानं दाबली तरी हलेना. बाजारात न्यायच्या लायकीची होती. नवरा तिच्याभोवती दोनदा फिरला आणि मग ओढ्याकडं निघून गेला, तोंड धुवायला म्हणून. मामा खाली बसून तंबाखू मळू लागले. माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी तिथंच चिपाडांच्या ढिगावर बसले.

अप्पांनी कोयत्याच्या टोकानं ढेपेची कड फोडली. रीतीनं पहिला खडा देवाला, पण तो त्यांनी माझ्या हातावर ठेवला. मी युरियाच्या पोत्यांवर बसल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. आता मला तो खडा खाववेना. मला नसता मान मिळत होता. मी खाली बघून सांगून टाकलं की अप्पा, गेल्या साली गूळ होऊ नये म्हणून मी देवाला साकडं घातलं होतं, मला कोल्हापूरला जायचं होतं.

अप्पांनी कोयता खाली ठेवला. मग शेजारी बसले आणि दुसरा खडा स्वतःच्या तोंडात टाकला.

"मी बी घातलं हुतं," ते मराठीतच म्हणाले, पण शेडबाहेर जाणार नाही इतकं हळू. "माझ्यागत पोरानं धगीपुढं मरू ने म्हणून. दोन्ही साल."

एकाच माणसाच्या विरोधात देवाकडं गेलेले आम्ही दोघं त्याच्याच गुळाचे खडे चघळत बसलो. शेवटी आमचं दोघांचंही देवानं ऐकलं नव्हतं, आणि इतकं बरं मला तोवर कधीच वाटलं नव्हतं.