पाच थरांचं आकाश

ती दातांच्या कवळ्या बनवायची. बावीस वर्षं. दवाखान्यांतून मापं यायची, त्यावरून ती हिरड्या घडवायची, दात बसवायची, पॉलिश करून परत पोचवायची. ओळखीतले सगळे तिला ‘कवळीताई’ म्हणायचे, आणि तिला ते मुळीच आवडायचं नाही.

एकदा एका दवाखान्याच्या डॉक्टरबाई तिच्याकडे आल्या होत्या. तिने सुट्टीत हौसेने केलेला, काचेसारखं घट्ट होणाऱ्या रेझिनमधल्या चित्राचा छोटा तुकडा टेबलावरून उचलून त्या म्हणाल्या, “ताई, असंच मोठं कराल? बाहेरच्या खोलीत लावते.” कवळीखेरीज दुसरं काही तिच्याकडे कुणी पहिल्यांदाच मागत होतं. ती लगेच हो म्हणाली.

चित्र डोक्यात पक्कं होतं. जंगलात पाठीवर पडून वर बघितल्यावर दिसतं तसं. तळाला तारे, त्यावर जांभळट धूसर ढग, मग फांद्या आणि अगदी वर, डोळ्यांजवळ, पानं. परातीएवढ्या साच्यात पाच थर, शेवटचा नुसता पारदर्शक. एक ओतायचा, दिवसभर घट्ट होऊ द्यायचा, त्यावर रंगवायचं, मग पुढचा.

“जन्मभर भुकटी आणि द्रव कालवतेय मी,” ती नवऱ्याला म्हणाली. “यात काय वेगळं आहे?”

वेगळं होतं. पहिल्या खेपेला तिसरा थर चिकटच राहिला. घट्ट करणारं द्रावण तिने अंदाजाने ओतलं होतं. दुसऱ्या खेपेला काट्यावर मोजून घेतलं, पण घाईत दोन थर एकदम ओतले. रेझिन तापलं, पिवळं पडलं आणि मधोमध तडकलं. तिसऱ्या खेपेला सगळं जमलं. धूळ बसू नये म्हणून तिने वर खोका झाकला. सकाळी बघते तर पानांवरच्या थरात एक पांढरा केस.

“खोका उचललास तू?”

“नुसतं बघितलं गं, जमलंय का म्हणून.”

“डोक्यावर मोजून चार उरलेत, तेही माझ्या आकाशात टाकायचे?”

नवरा हसला. तिला हसू येईना. कवळ्या घासायच्या यंत्रावर तिने तो थर दोन तास घासला, तोंडावर पांढरी भुकटी बसेपर्यंत. मग नवा थर ओतला आणि खोलीला कुलूप लावलं.

काम पोचतं केलं. आठ दिवसांनी कवळ्या घेऊन दवाखान्यात गेली, तर चित्र बरोबर ट्यूबलाइटखाली टांगलेलं. तिने बघितलं. त्यात ट्यूब दिसत होती आणि तिचं स्वतःचं तोंड. तारा एक नाही.

“काय चमकतं हो!” डॉक्टरबाई म्हणाल्या. “सगळे विचारतात, आरसा कुठून आणला.”

“आरसा? मॅडम, ते समोरच्या भिंतीवर खाली लावा ना. तिथे उजेड पडत नाही.”

“खुर्च्यांजवळ? तिथे कुणाला दिसणार? आणि आता खिळा ठोकलाय. रंगकाम निघालं की बघू.”

घरी येऊन ती नवऱ्यावरच भडकली.

“अगं, त्यांना आवडलंय की,” तो म्हणाला.

“ट्यूबलाइट आवडलाय त्यांना!”

पुढच्या वेळी तिने कवळ्यांच्या पिशवीत हातोडी आणि खिळा टाकला. डॉक्टरबाई आत पेशंट बघत होत्या. ती खुर्चीवर चढली, चित्र उतरवलं आणि समोरच्या भिंतीवर, ते बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असा, खिळा ठोकायला लागली. आवाज ऐकून डॉक्टरबाई मास्क लावूनच बाहेर आल्या.

“ताई! काय चाललंय?”

“दोन मिनिटं,” म्हणत तिने चित्र खिळ्याला अडकवलं.

गाल सुजलेला एक माणूस रांगेत बसला होता. तो पुढे वाकला, मान वाकडी करून बघू लागला. “किती खोल आहे हे?” त्याने कसंबसं विचारलं.

“दोन बोटं.”

“वाटत नाही,” तो म्हणाला आणि बघतच राहिला.

डॉक्टरबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. “आणि ते तिकडचं भोक कोण बुजवणार?”

“मी. प्लास्टर आहे पिशवीत.”

तिने ते तिथल्या तिथे कालवून भरलं. रंग काही जुळला नाही. ट्यूबखाली ते पांढरं ठिगळ चांगलंच उठून दिसत होतं.