तिसऱ्या मजल्यावरचे बॅचलर

हे मी अजून नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या गल्लीत राहत नाही — कदाचित तेवढ्यासाठीच.

आम्ही शारजात, रोल्ला बाजाराच्या मागच्या गल्लीत राहतो. नवरा हमरिया फ्री झोनमध्ये नोकरीला, मी घरी शिकवण्या घेते. इथे बॅचलर कोणाला म्हणतात, ठाऊक आहे? दोन-तीन पोरांच्या बापाला. बायको गावी असली की माणूस बॅचलर, आणि बॅचलरने फॅमिलीवाल्या वस्तीत राहायचं नाही, असा नियम. आमच्या बिल्डिंगचा तिसरा मजला मात्र हा नियम बिनदिक्कत मोडून होता. तिथे रत्नागिरीकडचे सात-आठ जण एका फ्लॅटमध्ये राहायचे. कोणी ड्रायव्हर, कोणी पेंटर. वयाने मोठे रज्जाकभाई एसी दुरुस्त करायचे आणि मला वहिनी म्हणायचे.

संध्याकाळी ते आणि दुसऱ्या मजल्यावरचे जोसफ अंकल खालच्या कॅफेटेरियासमोर काळा सुलेमानी चहा घेऊन बसायचे. जोसफ अंकल केरळचे, बायकोसोबत राहणारे. दोघांची हिंदी अशी, की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. आणि वाद कायम एकच — बांगड्याच्या कालवणात कोकम घालायचं की केरळातली कुडमपुळी. मी बाल्कनीत कपडे वाळत घालताना ऐकायची आणि एकटीच हसायची.

गणपतीत तिसरा मजला आमच्याकडे आरतीला लोटायचा. पोरं शिरा ताणून गायची, रज्जाकभाई दाराशी बसून झांज वाजवायचे आणि मोदकांवर त्यांचा डोळा. मला हे सगळं आवडायचं. खरंच आवडायचं — हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं तुम्हाला नीट कळेल.

मग झालं काय? तसं काहीच नाही. एका वर्षी नवऱ्याचे साहेब आणि त्यांच्या बाई दुबईहून दर्शनाला आले. हॉल घामेजलेल्या माणसांनी भरलेला. बाईंनी साडीचा घोळ सावरला आणि हळूच विचारलं, तुमच्या बिल्डिंगमध्ये बॅचलर अलाउड आहेत? एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मनाची समजूत घातली — मुलगी मोठी होतेय, लिफ्टमध्ये गर्दी असते, पाणी पुरत नाही. सगळ्या सबबी. बादलीत विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी मी बलदियाला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन केला. नाव न सांगता. बोलणं सुरू झालं आणि खलास झालं, इतकं सोपं.

तपासणी आमच्या बिल्डिंगपाशी थांबली नाही, गल्लीभरच्या बॅचलरांना नोटिसा आल्या. एका शुक्रवारी गाद्या जिन्यावरून खाली उतरल्या. रज्जाकभाई निरोप घ्यायला दारात आले.

"वहिनी, कंप्लेंट कोणी केली असेल हो?"

माहीत नाही, म्हणता आलं असतं ना? तेवढ्यावर तरी थांबायचं. पण मला नामानिराळं राहायचं होतं. मी म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावरचे असतील. केरळवाल्यांना आपली माणसं कुठे चालतात?"

त्यांनी दाराशी ठेवलेली बॅग उचलली. "दोस्त होता आपला," म्हणाले, आणि गेले.

त्या दिवाळीत त्यांना फराळ द्यायला आम्ही गाडीने त्यांच्या नव्या जागी, शहराबाहेरच्या लेबर कॅम्पात, निघालो. इंडस्ट्रियल एरिया संपला, आता पुढे नुसती वाळू, असं वाटत असतानाच शहर पुन्हा सुरू झालं. इमारतीमागे इमारती, नजर पोचेल तिथपर्यंत दिवे. मी थक्क होऊन बघत राहिले. एवढ्या खिडक्या, आणि एकीतही बाळाचं झबलं वाळत नव्हतं. नळाशी पुरुष, चुलीशी पुरुष, फोन कानाला लावून घरच्यांशी आपापल्या भाषेत बोलणारे पुरुष. इतकी वर्षं ज्याला मी माझं शहर म्हणत होते, ते निम्मं मी पाहिलंच नव्हतं.

"आई, व्हेअर आर ऑल द मॉम्स?" मुलीने विचारलं. नवऱ्याने एसी वाढवला.

कुठे भिंत नाही, रेघ नाही. तरी कुठल्या देशाचा, कुठल्या कामाचा माणूस कुठे झोपणार, हे ठरलेलं. आमच्या रोल्लात खांबाखांबांवर भाड्याच्या खोल्यांच्या चिठ्ठ्या असतात — ओन्ली फिलिपिनो, केरळ फॅमिली, इंडियन व्हेज. एवढी माणसं चाळून वेगळी कोणी केली असतील, या विचाराने मी दिपून गेले. आणि मग ध्यानात आलं, की त्या चाळणीला एक झटका माझ्याही हाताचा होता.

गल्ली आता ओळखू येत नाही. गिऱ्हाईक गेलं तसा कॅफेटेरिया बंद पडला, तिथे लहान मुलांची नर्सरी आली. न्हाव्याच्या जागी लेडीज सलून. नवे भाडेकरू म्हणतात, किती शांत फॅमिली एरिया आहे, पहिल्यापासून असाच का? मी हो म्हणते. एका फोनने दुकानंसुद्धा जागा सोडतात आणि परत येत नाहीत, याचं मला अजून नवल वाटतं — आणि भीतीही.

रज्जाकभाई अजून गणपतीला येतात, दोन बस बदलून. दुसऱ्या मजल्याच्या दाराकडे मान वळवत नाहीत. मोदक खाताना दरवर्षी म्हणतात, या बिल्डिंगीत वहिनी तेवढ्या आपल्या.

गेल्या महिन्यात जोसफ अंकल रिटायर होऊन कायमचे केरळला गेले. आदल्या दिवशी निरोप घ्यायला आले. चहा झाला, उठले, चपला घालता घालता थांबले.

"वो रज्जाक मेरे से बात कायको बंद किया? मेरा क्या मिस्टेक था?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "मालूम नहीं, अंकल."