ठणकतंय की उडतंय?

"ठणकतंय की उडतंय?" सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. पडद्यावर माझ्या डाव्या तळहातातली गाठ होती आणि तिच्यात लाल-निळा रंग गरगरत होता.

"ठणकतंयच की," मी म्हटलं. आठ दिवस सगळ्यांना तेच सांगत होते.

त्यांनी माझ्या उजव्या हाताचं बोट गाठीवर टेकवलं आणि माझी नाडी धरून मोजायला लागल्या. एक, दोन, तीन. प्रत्येक आकड्याला गाठ उडत होती.

"हे गळू नाही. स्यूडोअन्युरिझम आहे. चीर दिली असती तर रक्त आवरलं नसतं."

स्यूडोअन्युरिझम म्हणजे रोहिणीला भोक पडतं, रक्त बाहेर येतं आणि भोवतीच्या मांसात त्याची थैली बनते. रक्त कुठून कुठं वाहतं ते रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीला डॉपलर म्हणतात. मी ती नाइलाजानं करायला आले होते. "गळवाला कसली सोनोग्राफी? चिरा की सरळ!" असं आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी भांडून आले होते. ठणकतंय म्हटल्यावर त्यांनाही पूच वाटला होता, पण चिरण्याआधी खात्री करून घ्यायची होती.

गारखेड्यात मी ब्लाउज शिवते. त्याच्या महिनाभर आधी उसवताना कात्रीचं टोक तळहातात घुसलं. एक टाका पडला, जखम भरली, मी विसरले. मग सुपारीएवढी गाठ आली.

करमाडहून आई आली. "गळू हाय बाई, आतून पिकतंय," म्हणाली. रोज पोटीस बांधायची, एरंडेल लावून अंगठ्यानं दाबून दाबून चोळायची. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

डॉपलरच्या दुसऱ्या दिवशी सीटी अँजिओग्राफी झाली. शिरेतून औषध सोडून रक्तवाहिन्यांचे फोटो काढतात. अंग एकदम गरम होतं, लघवी झाल्यासारखी वाटते. घाबरू नका, झालेली नसते. फोटोत अनामिकेकडे जाणारी रेघ मध्येच तुटली होती, करंगळीकडची बारीक झाली होती. ते बोट दोन दिवसांपासून गार होतं, पण माझं सगळं लक्ष गाठीकडं.

सर्जन म्हणाले, "थैलीतली रक्ताची गुठळी पुढं सरकून बोटाच्या रोहिणीत अडकलीय. दाबल्या-चोळल्यानं सरकू शकते. त्यानंच झालं असं मात्र छातीठोक सांगता येणार नाही."

आई तेव्हा बाहेर बाकावर डबा घेऊन बसली होती.

थैली काढली, रोहिणी जोडली. करंगळी वाचली. अनामिका सहा दिवस रोज थोडी थोडी काळी पडत गेली. मी रोज पट्टी बदलताना बघायची आणि रडायची. सातव्या दिवशी दोन पेरं काढली. डाव्या हातानं कापड धरता येईना तर शिवणार काय, कपाळ! आता धरता येतं, पण सरकतं.

डॉपलर करणाऱ्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या हातावर जखमेनंतर गाठ आली तर आधी नुसतं बोट टेकवून बघा. उडत असेल तर दाबू नका, चोळू नका, कुणाला चिरू देऊ नका. लगेच मोठा दवाखाना गाठा.

हे मी सगळ्यांना सांगते. आईला सांगितलेलं नाही.

परवा तिनं माझा हात मांडीवर घेतला. उरलेल्या पेरावरून अंगठा फिरवत म्हणाली, "म्या रोज चोळलं म्हणून येवढा तरी हात वाचला. नाय का गं?"

"व्हय, आई," मी म्हटलं.